'औदुंबर' हातात घेऊन: जुन्या मराठी कविता रेकॉर्ड करून फुकट ऐकायला कशा द्यायच्या

२७ फेब्रुवारी जवळ आला की आपल्या सगळ्यांच्या फोनवर कवितांचा पाऊस पडतो, मावशी वाचते, शाळेतला मित्र वाचतो, ऑफिसातला एखादा गंभीर आवाज काढून वाचतो, आणि साहजिकच बहुतेक सगळे कुसुमाग्रज वाचतात कारण दिवसच त्यांच्या वाढदिवसाचा. ग्रुपवर ठीक आहे. पण मला ते रेकॉर्डिंग कायमचं नेटवर ठेवायचं होतं, कुणीही उतरवून घ्यावं, कुणीही ऐकावं, पैसे नाहीत, लॉगिन नाही. कपड्यांच्या कपाटात डोकं घालून चांगल्या अकरा कविता रेकॉर्ड केल्या आणि मग कळलं की कुसुमाग्रज गेले १९९९ मध्ये, म्हणजे त्यांच्या कवितांवर २०५९ संपेपर्यंत कॉपीराइट आहे. अकराच्या अकरा फाइली अजून लॅपटॉपमध्ये पडून आहेत.

म्हणून हा लेख लिहिताना माइक वगैरे सगळं नंतर, आधी हक्कांचं. उदाहरणाला एकच कविता धरते, बालकवींची 'औदुंबर'. आठ ओळी, जेमतेम मिनिटभराची, आणि त्यात शिकण्यासारखं इतकं आहे की पहिली कविता हीच घ्या असं मी सगळ्यांना सांगते.

कुठली कविता मोकळी, कुठली नाही

भारतातला नियम लक्षात ठेवायला सोपा आहे. कवी ज्या वर्षी गेला त्याच्या पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजायची, ती संपली की कविता सगळ्यांची. बालकवी १९१८ मध्ये गेले (भादली स्टेशनजवळ रेल्वे अपघातात, वय २८ सुद्धा पूर्ण नव्हतं), केशवसुत १९०५, कवी विनायक १९०९, गोविंदाग्रज आणि रेव्हरंड टिळक दोघेही १९१९. ही मंडळी कधीच मोकळी झालेली. माधव ज्युलियन १९३९, कवी बी १९४७, मर्ढेकर १९५६, हेही भारतात मोकळे. सावरकर १९६६ मध्ये गेले म्हणजे २०२६ अखेरपर्यंत थांबा, अत्रे १९६९ मध्ये, म्हणजे त्यांनी केशवकुमार या नावाने लिहिलेली विडंबनं वाचायची हौस २०३० च्या जानेवारीपर्यंत दाबून ठेवा.

एक गंमत सांगते. आधी हा काळ ५० वर्षांचा होता. रवींद्रनाथ टागोर १९४१ मध्ये गेले, त्यांचे हक्क १९९१ अखेर संपणार होते, ते वाचवायला सरकारने १० वर्षं वाढवली, आणि आपले भा. रा. तांबे नेमके त्याच वर्षी गेलेले असल्यामुळे तेही बरोबर अडकले आणि थेट २००२ मध्ये मोकळे झाले.

दुसरा खड्डा, बहिणाबाई. त्या १९५१ मध्ये गेल्या, पण कवितासंग्रह छापून आला १९५२ मध्ये, त्यांच्या पश्चात. अशा मरणोत्तर लेखनाला मृत्यूचं वर्ष धरत नाहीत, प्रसिद्धीचं धरतात. त्यामुळे हिशोब १९५२ पासून आणि भारतात मोकळीक २०१३ पासून. हिशोबात एकाच वर्षाचा फरक पडला, पण एखाद्या कवीची वही त्याच्यानंतर तीस वर्षांनी सापडून छापली असेल तर हाच फरक तीस वर्षांचा होतो.

आता हे सगळं भारतापुरतं. तुम्हाला लिब्रिव्हॉक्सवर (हौशी लोकांनी वाचलेली जुनी पुस्तकं फुकट देणारी साइट, तिच्याबद्दल खाली) टाकायचं असेल तर अमेरिकेचा नियम पाळावा लागतो, कारण त्यांच्या फाइली सॅन फ्रान्सिस्कोच्या इंटरनेट अर्काइव्हवर ठेवलेल्या असतात. तिकडे अशा जुन्या पुस्तकांना छापल्यापासून ९५ वर्षं. म्हणजे २०२६ मध्ये १९३० किंवा त्याआधी छापलेलं चालेल, आणि दर १ जानेवारीला ही रेघ एक वर्ष पुढे सरकते. गोविंदाग्रजांचं 'वाग्वैजयंती' १९२१ चं, बिनधास्त घ्या. बहिणाबाई आणि मर्ढेकर मात्र तिकडे चालत नाहीत, भारतात मोकळे असले तरी. ते रेकॉर्ड करून शाळेच्या, लायब्ररीच्या, सोसायटीतल्या आजी-आजोबांच्या ग्रुपवर द्या, तिथे ऐकणारे जास्तच मिळतील.

संतांच्या बाबतीत लोक उगाच घाबरतात किंवा उगाच बेफिकीर असतात. अभंग, ओव्या, मनाचे श्लोक हे मूळ शब्द सगळ्यांचेच आहेत. पण हातातल्या पुस्तकात प्रस्तावना, अर्थ, टीपा कुणा अलीकडच्या अभ्यासकाने लिहिलेल्या असतात, त्या वाचायच्या नाहीत. चालीचंही तेच. कविता मोकळी असली तरी तिला विसाव्या शतकात लावलेली चाल संगीतकाराची असते. बींचं 'चाफा बोलेना' वाचायला तोंड उघडलं की लताबाई आठवणारच, पण गुणगुणायचं नाही. मागे तानपुरा, बासरी, पावसाचा आवाज, काहीही लावू नका. लिब्रिव्हॉक्सला बॅकग्राउंड म्युझिक चालतच नाही आणि खरं सांगायचं तर कवितेलाही त्याची गरज नसते.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. लिब्रिव्हॉक्सला दिलेलं रेकॉर्डिंगसुद्धा पब्लिक डोमेनमध्ये जातं. म्हणजे तुमचा आवाज कुणीही कुठेही वापरू शकतो, सीडी करून विकू शकतो, जाहिराती लावून व्हिडिओ करू शकतो, आणि तुम्हाला विचारायची त्याला गरज नाही. हे पचत असेल तरच पुढे वाचा. खऱ्या नावाचा आग्रह नसतो, टोपणनाव चालतं.

लिब्रिव्हॉक्स म्हणजे नक्की काय

मॉन्ट्रिअलच्या ह्यू मॅकग्वायर नावाच्या माणसाने ऑगस्ट २००५ मध्ये सुरू केलं. जुनी, हक्क संपलेली पुस्तकं जगभरातल्या हौशी लोकांनी वाचायची आणि फुकट द्यायची, एवढंच. ऑडिशन नाही. तुमची वऱ्हाडी वळणाची मराठी असो, मालवणी हेल असो, न्यू जर्सीत वाढलेल्या मुलीची थोडी अडखळती मराठी असो, उच्चारावरून कुणी परत पाठवत नाही. अनेक भाषांना जागा आहे. कवितांसाठी त्यांच्याकडे एक छान पद्धत आहे, एक छोटी कविता आठवड्यासाठी ठरवतात आणि जो येईल तो तीच कविता वाचतो, मग एकाच कवितेची दहा-पंधरा वाचनं एकाखाली एक मिळतात. ही कल्पना मी सरळ उचलली आणि आमच्या डोंबिवलीच्या वाचनगटात राबवली, त्याबद्दल खाली.

सुरुवातीला एक मिनिटाची टेस्ट फाइल द्यायची असते. ती वाचन तपासायला नसते, खरखर, आवाजाची पातळी, फाइलचा प्रकार तपासायला असते. फेल झालात तर काय बदलायचं ते सांगतात, दुसऱ्यांदा द्यायची.

मजकूर

शाळेच्या आठवणीतून वाचू नका. मला 'औदुंबर' तोंडपाठ होती आणि त्या पाठांतरात दोन चुका होत्या. मराठी विकिस्रोतवर बघा, इंटरनेट अर्काइव्हवर जुन्या संग्रहांचे स्कॅन शोधा. स्कॅनमध्ये छापल्याचं साल असलेलं पान आहे ना ते आधी बघा, तो फोटो काढून ठेवा, लिब्रिव्हॉक्सला त्या स्कॅनची लिंक द्यावीच लागते. मग कविता हाताने कागदावर उतरवून घ्या. मोबाइलवर वाचत रेकॉर्ड करायला जाल तर नेमकं तिसऱ्या ओळीला कुणाचा तरी गुड मॉर्निंग येतो.

ही घ्या आपली कविता:

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेऊन,
निळासांवळा झरा वाहतो बेटाबेटांतुन.
चार घरांचे गांव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गरदी पुढे.
पायवाट पांढरी तयांतुनि अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणांमधुनि चालली काळ्या डोहाकडे.
झांकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर.

वाचायचं कसं, खरं काम इथे आहे

यंत्राचं सगळं दोन संध्याकाळींत येतं. वाचन येत नाही, आणि गंमत म्हणजे ज्यांना स्टेजवर बोलायची सवय आहे त्यांनाच ते जास्त जड जातं. हेडफोन लावून ऐकणाऱ्याच्या कानापासून तुम्ही दोन बोटांवर असता, तिथे वक्तृत्व स्पर्धेतला आवाज काढला की माणूस दचकतो.

आधी जुनी छपाई. 'सांवळा', 'गांव', 'झांकळुनी' यांच्यावर टिंबं आहेत, ती जुन्या लेखनपद्धतीची. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी असले न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले, त्याआधीच्या पुस्तकात ते सगळीकडे दिसतील, 'नाहीं', 'कांहीं', 'केलें', 'तें'. वाचताना सरळ गाव, नाही, काही. पण 'पांढरी' मधला अनुस्वार खरा आहे, तो हवाच. घाईत नवखा माणूस एकतर सगळे गिळतो नाहीतर सगळे नाकात वाचतो. मी कागदावर उतरवताना न उच्चारायचे अनुस्वार पेन्सिलने खोडून टाकते.

आता 'तयांतुनि' आणि 'मधुनि' बघा, नि ऱ्हस्व. आणि 'झांकळुनी', 'टाकुनी' मध्ये नी दीर्घ. छापणाऱ्याची चूक नाहीये. ह्रस्वाला एक मात्रा, दीर्घाला दोन असं बोटांवर मोजा: 'हिरव्या कुरणां' ८, 'मधुनि चालली' ८, आणि मग 'काळ्या डोहाकडे' ११. पुढची ओळ, 'झांकळुनी जळ' ८, 'गोड काळिमा' ८. सगळी कविता अशी १६ आणि ११ वर चालते. ('बेटाबेटांतुन' किंवा 'असला औदुंबर' दहाच भरतात, तिथे शेवटचं अक्षर जरा लांबतं आणि अकरा होतात, तशी मुभा असते.) आपण बोलताना शेवटचा इकार सवयीने लांबवतो, 'मधुनी' म्हणतो, की झाल्या १७ आणि चालणारी पायवाट ठेचकाळली. ऐकणाऱ्याला मात्रा मोजता येत नसतील पण ठेच त्याला कळते.

अक्षरगणवृत्तात, म्हणजे जिथे लघु-गुरू अक्षरांचा क्रमच ठरलेला असतो, तर हे आणखी कडक. मनाच्या श्लोकांत 'भक्तिपंथेचि' चं बहुतेक लोक 'भक्तीपंथेची' करतात, भुजंगप्रयात आहे तो, एक लघु दोन गुरू, एक लघु दोन गुरू, चार वेळा, त्यात क्ति आणि चि दोन्ही लघूच्या जागी बसलेत, लांबवले की संपलं. आणि मोरोपंतांच्या 'सुसंगति सदा घडो, सुजनवाक्य कानी पडो' मध्ये 'सुजन' हे बोलण्यातल्यासारखं 'सुजन्' म्हटलं तर एक अक्षर गळतं, न पूर्ण म्हणावा लागतो. ओळीत १७ अक्षरं ऐकू आली पाहिजेत. 'औदुंबर' मात्रांवर चालणारी असल्यामुळे तिथे 'दाट' चा ट पूर्ण फोडायची गरज नाही, फक्त त्याचा वेळ त्याला द्यायचा, पुढच्या 'लागली' ने तो खाऊ नये.

मग च, ज, झ. मराठी लिपीत दोन उच्चारांना एकच अक्षर आहे आणि मायक्रोफोन दोन्ही स्पष्ट पकडतो. 'चार घरांचे' मधला च तालव्य, म्हणजे जीभ टाळूला लावून काढलेला, 'चालली' मधला दाताजवळचा. 'झरा' चा झ दाताजवळचा. सगळ्यात मजेशीर 'जळ'. पाणी या अर्थाचं जळ तालव्य ज चं, आणि जळण्यातलं 'जळ' दाताजवळचं, उच्चार चुकला तर डोहाला आग लागते. परदेशात वाढलेल्या मुलांसाठी मी असल्या शब्दांवर लाल ठिपका देते, दाताजवळचा ज असेल तर खाली, नाहीतर वर.

थांबायचं कुठे? ओळ १६ मात्रांवर एक छोटा श्वास घेते, 'ऐल तटावर पैल तटावर' आणि मग 'हिरवाळी घेऊन'. दरवेळी तिथे ब्रेक मारलात तर आगगाडी होते, आठही ओळी एका ठेक्यात, शाळेत बाई टेबलावर पट्टी आपटायच्या तशा. म्हणून मी पहिल्या दोन ओळी जवळजवळ न थांबता वाचते, झरा वाहतोय, वाहू दे. तिसऱ्या ओळीपासून नजर फिरते, गाव, शेतं, पायवाट. 'काळ्या डोहाकडे' नंतर मोठा विराम, एक सेकंद तरी, कारण इथून कवितेतला उजेड कमी होतो. आवाज मुद्दाम खोल काढू नका. वेग थोडा कमी केला की पुरतं, काळिमा आपोआप येतो.

शेवटच्या ओळीवरून आमच्या गटात जवळजवळ भांडण झालं. 'पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर'. वृत्त स्वतःच 'बसला' नंतर थांबतं, १६ मात्रा तिथे संपतात. मग 'असला औदुंबर', 'असला' वर जोर द्यायचा का? एक काका म्हणाले द्यायचाच, 'असा हा' असं दाखवायचंय कवीला. मी म्हणते जोर दिला की बोट दाखवल्यासारखं होतं आणि औदुंबर तर इतका वेळ कुणाच्या लक्षातही न येता तिथे बसलेला आहे. दोन्ही वाचनं आम्ही ठेवली. तुम्ही तुमचं ठरवा, पण ठरवून वाचा, त्या क्षणी तोंडातून जे निघेल ते नको.

रेकॉर्ड करायच्या आधी किमान पंधरा-वीस वेळा मोठ्याने वाचा, भांडी घासताना, लोकलमध्ये पुटपुटत, कुठेही. जीभ अडखळायची जागा तेव्हाच कळते. माझी 'अडवीतिडवी पडे' ला हमखास अडखळायची.

खोली आणि फोन

स्टुडिओ नको, महागडा माइक तर सुरुवातीला नकोच. चांगल्या खोलीत साधा फोन हा घुमणाऱ्या खोलीतल्या महाग माइकपेक्षा बरा. रिकाम्या भिंती, फरशी, काच, लोखंडी कपाट हे सगळे आवाज परत फेकतात. गाद्या, उशा, गोधड्या, लटकवलेले कपडे आवाज खातात. कपाटाची दोन्ही दारं उघडून साड्यांकडे तोंड करून बसा, पाठीमागे दोरीवर गोधडी टाका. टाळी वाजवून बघा, टणत्कार आला तर अजून एक रजई.

पंखा बंद, एसी बंद, फ्रिज शेजारच्या खोलीत असेल तर तेवढ्यापुरता बंद (आणि नंतर चालू करायला विसरू नका, मी गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवते म्हणजे बाहेर पडताना आठवतं). वेळ तुमच्या गल्लीवर आहे. पहाटे शांत असते असं पुस्तकी लोक म्हणतात पण आमच्याकडे साडेपाचला पाण्याचा पंप, सहाला कबुतरं, आणि उन्हाळ्यात कोकीळ. दुपारी अडीच ते चार मला सगळ्यात बरी वाटते, कुकर झालेले असतात, भंगारवाला येऊन गेलेला असतो. पत्र्याचं छप्पर असेल तर पावसाळ्यात नादच सोडा. परदेशात राहणाऱ्यांना बाहेरचा आवाज कमी, पण हीटिंगची घरघर असते, ती कानाला कळत नाही आणि रेकॉर्डिंगमध्ये सगळीकडे असते.

फोन एअरप्लेन मोडवर. हातात धरू नका, पुस्तकांच्या चळतीवर टॉवेल घडी करून त्यावर ठेवा. तोंडापासून साधारण एक वीत लांब, आणि समोर नको, थोडा बाजूला, गालाच्या रेषेत. कारण मराठीत फ, भ, ध, थ यांचा भरणा आणि प्रत्येकाला हवेचा फुगा सुटतो. 'औदुंबर' मध्ये हा त्रास फार नाही पण पुढे केशवसुतांची 'तुतारी' वाचायला घ्याल, 'फुंकिन मी जी स्वप्राणाने', त्या फुं ला काय धमाका होतो ते बघाच. भरतकामाच्या रिंगमध्ये जुना नायलॉनचा मोजा ताणून मधे धरला की काम होतं.

अ‍ॅप असं निवडा ज्यात वेव्ह फाइल आणि ४४१०० हर्ट्झ निवडता येतं. चॅटिंग अ‍ॅपमधली व्हॉइस नोट चालणार नाही, ती आवाज फार दाबते. आवाज आपोआप सुधारण्याचा पर्याय असला तर बंद करा, तो 'लाटांवर' सारख्या शब्दांची शेवटची अक्षरं कापतो, त्याला वाटतं आवाज संपला.

रेकॉर्डिंग

कोमट पाणी प्या, दही-दूध-चहा अर्धा तास आधी बंद. तोंड सुकलं की जिभेचा चिकट टकटक आवाज येतो, त्याला हिरव्या सफरचंदाची एक फोड चांगली. पोट भरलेलं असू दे, रिकामं पोट मायक्रोफोनला फार स्पष्ट ऐकू येतं. खळखळणाऱ्या बांगड्या काढून ठेवा.

रेकॉर्ड दाबून दहा सेकंद काहीही बोलू नका. ही खोलीची शांतता पुढे साफसफाईला लागते. मग घोषणा, मग कविता. चुकलात तर थांबू नका, एक टाळी वाजवा आणि ती ओळ पहिल्यापासून वाचा. टाळीचा उंच सुळका नंतर स्क्रीनवर लगेच दिसतो, चूक शोधावी लागत नाही. अर्ध्या ओळीपासून उचलू नका, जोड कळते. पूर्ण कविता तीन वेळा वाचा. माझा अनुभव असा की पहिलं वाचन घाबरलेलं, दुसरं बरोबर, तिसरं सैल आणि बहुतेक वेळा तिसरंच घ्यावंसं वाटतं.

घोषणा मराठीत काय करायची यावर डोकं खाऊ नका. कवितेचं नाव, कवीचं नाव, लिब्रिव्हॉक्ससाठी वाचन अमुक यांचं, आणि शेवटी कविता समाप्त, हे रेकॉर्डिंग सार्वजनिक मालकीचं आहे, अशा अर्थाचं. प्रत्येक प्रोजेक्टमध्ये नेमके शब्द दिलेले असतात तेच वाचा. कवीचं नाव घेताना 'बालकवी, म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे' असं पूर्ण घ्या, शोधणाऱ्याला दोन्ही नावांनी सापडतं. घोषणा आणि कविता यांच्यात दोन सेकंद सोडा, नाहीतर तुमचं नाव पहिल्या ओळीत मिसळतं.

कापाकापी

कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी घ्या, फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं. फाइल उघडा, स्टिरिओ असेल तर मोनो करा. टाळ्या शोधून चुकीच्या ओळी कापा. दोन ओळींमधला श्वास सगळा उडवू नका, माणूस वाचतोय हे कळू दे, फक्त घशातून ओढलेला मोठा श्वास असेल तर कमी करा.

मग ती सुरुवातीची दहा सेकंदांची शांतता सिलेक्ट करून नॉइज रिडक्शनमध्ये जाऊन 'गेट नॉइज प्रोफाइल', आणि मग सगळी फाइल निवडून तोच इफेक्ट लावा. आकडा ६ डीबीच्या आसपास. मोह होतो २० करायचा, खोली अगदी मुकी होते, पण आवाज पाण्याखालून आल्यासारखा येतो. थोडी खरखर परवडली.

लिब्रिव्हॉक्सला आवाजाची पातळी ८९ डीबीच्या जवळपास लागते. त्यांचं चेकर नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात फाइल टाकली की आकडा दाखवतं. ८४ आलं तर ऑडॅसिटीत अ‍ॅम्प्लिफाय मध्ये ५ टाका, ९२ आलं तर उणे ३. आवाज फाटतोय का ते त्यातच कळतं.

सुरुवातीला अर्धा ते एक सेकंद शांतता ठेवा, शेवटी पाच सेकंद. एक्सपोर्ट करताना एमपी३, १२८ केबीपीएस, कॉन्स्टंट, ४४१०० हर्ट्झ, मोनो. मिनिटाला साधारण एक एमबी होते, म्हणजे आपला 'औदुंबर' एका फोटोपेक्षाही लहान. फाइलचं नाव इंग्रजी लहान लिपीत, मधे स्पेस न देता अंडरस्कोर, देवनागरी नाव दिलं तर कुठल्यातरी सर्व्हरवर चौकोन चौकोन दिसतात. मूळ वेव्ह फाइल पेन ड्राइव्हवर वेगळी ठेवा.

दुसऱ्याचे कान

स्वतःचं रेकॉर्डिंग स्वतः तपासू नका, डोकं चुकलेला शब्द दुरुस्त करूनच ऐकवतं. लिब्रिव्हॉक्समध्ये यासाठी वेगळे स्वयंसेवक असतात, ते मजकूर समोर ठेवून ऐकतात आणि 'अमुक सेकंदाला शब्द सुटला' असं कळवतात. ते तुमच्या वाचनाच्या शैलीवर बोलत नाहीत, ही सभ्यता आमच्या गटातही मी सक्तीची केली आहे. 'गरदी' छापलंय आणि तुम्ही 'गर्दी' वाचलंत, एवढंच सांगायचं. 'जरा भाव कमी पडला' नाही. ज्यांना स्वतःचा आवाज नेटवर नको आहे त्यांच्यासाठी हे काम उत्तम, निवृत्त मराठीच्या बाई मिळाल्या तर सोन्याहून पिवळं.

आमची पद्धत अशी. रविवारी एक कविता आणि स्कॅनचं पान ग्रुपवर, शनिवारी रात्रीपर्यंत फाइली एका ड्राइव्ह फोल्डरमध्ये, आणि एक साधी शीट, कविता, कवी, मृत्यूचं साल, पुस्तक छापल्याचं साल, वाचक, कान कुणाचे, झालं का. मृत्यूचं साल आणि छापल्याचं साल हे दोन रकाने रिकामे असतील तर कविता पुढे जात नाही. आठ-नऊ जण वाचतात, त्यात एक आजी अंगणात चुलीजवळ बसल्यासारखं वाचतात आणि त्यांच्याच फाइली मुलं परत परत ऐकतात.

लिब्रिव्हॉक्सशिवाय विकिमीडिया कॉमन्सवरही देता येतं, तिथे कविता भारतात आणि अमेरिकेत दोन्हीकडे मोकळी असावी लागते. आणि ज्यांना दृष्टिहीन लोकांसाठीच वाचायचंय त्यांनी हे माहीत करून घ्या की २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कायद्यात अपंग व्यक्तींना वाचता-ऐकता येईल अशा रूपात पुस्तक देण्याची, नफा न घेता, मुभा आहे, त्यात कॉपीराइट असलेली पुस्तकंही येतात. तेव्हा कुसुमाग्रज वाचायचेच असतील तर अशा कामाच्या संस्थेकडे जाऊन वाचा, फक्त ते रेकॉर्डिंग मग सगळ्यांसाठी नेटवर येत नाही.

'औदुंबर' झाल्यावर दुसरी कविता कुठली, असं सगळे विचारतात आणि सगळ्यांच्या मनात 'श्रावणमासी' असते. ती इतक्यात घेऊ नका. शाळेतल्या चालीशिवाय ती वाचताच येत नाही, मी सहा वेळा प्रयत्न केला, चौथ्या ओळीपर्यंत मान डोलायला लागते. आधी केशवसुतांचं काहीतरी घ्या, चाल डोक्यात नसलेलं, आणि 'श्रावणमासी' ला पाच-सहा कविता हाताखालून गेल्यावर बसा.